मोटारसायकल शर्यतीच्या पहिल्या हंगामासाठी गट कोणता घ्यावा: १६५ सीसी की ३०१-४०० सीसी?

कृष्णाकाठ (सांगली / चाकण)

नमस्कार मंडळी,

मूळचा सांगलीचा, गेली आठ वर्षं नोकरीसाठी चाकणला आहे. वय ३१, उंची पाच फूट दहा इंच, वजन ८८ किलो. माझ्याकडे २०२२ ची केटीएम आरसी ३९० आहे. ती मी जिथे राहतो तिथेच, बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार झाली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

गेल्या डिसेंबरात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एका ट्रॅक-डेला (शर्यतीविना आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) गेलो होतो. तिथून परतल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या नोव्हिस (नवख्यांच्या) गटात एक पूर्ण हंगाम उतरायचं असं ठरवलं आहे. बायकोशी बोललो. तिची एकच अट आहे, घरखर्चाला हात लावायचा नाही.

अडलंय ते गटापाशी. तीन वाटा दिसतात.

पहिली, सेकंडहँड यामाहा आर१५ घेऊन नोव्हिस १६५ सीसीत उतरायचं. दुसरी, आहे तीच आरसी ३९० तयार करून नोव्हिस ३०१-४०० मध्ये जायचं. तिसरी, टीव्हीएसच्या वन-मेक (सगळ्यांना एकाच कंपनीची सारखी गाडी) स्पर्धेला किंवा रॉयल एनफील्डच्या कॉन्टिनेंटल जीटी कपला निवड चाचणी द्यायची. तिथे गाडी कंपनीची असते, आपण फक्त हेल्मेट-सूट घेऊन जायचं.

मित्र म्हणतात, हातात ३९० असताना दीडशेवर कशाला बसतोस? मलाही आतून तसंच वाटतं. पण ट्रॅकवर एका प्रशिक्षकांनी माझं रायडिंग बघून "आधी छोटी गाडी घे" एवढंच सांगितलं. कारण विचारायला वेळ मिळाला नाही, ते इथे विचारतो आहे.

---

तिसरागिअर (पुणे)

धाग्याबद्दल आभार. मराठीत यावर फारसं कुणी लिहीत नाही.

मी तीन हंगाम नोव्हिस १६५ मध्ये पळलो. त्याआधी वर्षभर ट्रॅक-डेंना ३९० घेऊन जात होतो. त्यामुळे तुमच्या प्रशिक्षकांना काय म्हणायचं होतं ते मी सांगू शकतो.

३९० वर मी दर वळणात एकच चूक करत होतो. ब्रेक उशिरा मारायचा, घाबरून जास्त मारायचा, वळणात गरजेपेक्षा हळू शिरायचं आणि बाहेर पडताना थ्रॉटल पिळून सगळं भरून काढायचं. गाडीत त्रेचाळीस घोड्यांची ताकद आहे, ती भरून काढते. लॅपचा वेळ बरा दिसतो, आणि आपण काय चुकतोय ते कळतच नाही. वर्षभर मी तीच चूक घोटत राहिलो.

आर१५ वर पहिल्याच सत्रात ती उघडी पडली. वळणात पाच किलोमीटरचा वेग सांडला की तो पुढच्या अख्ख्या सरळ पट्ट्यावर परत मिळत नाही. मागचा माणूस शांतपणे बाजूने निघून जातो आणि तुमचा थ्रॉटल आधीच पूर्ण उघडा असतो. करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून तुम्ही पुढच्या लॅपला त्या वळणाचा खरा विचार करता. ब्रेक कुठे सोडायचा, नजर कुठे हवी, गाडी कुठल्या दगडापाशी झुकवायची.

चेन्नईला सरळ पट्ट्याच्या शेवटी येणारं पहिलं वेगवान उजवं वळण, ज्याला सगळे सी-वन म्हणतात, तिथे ३९० वर मी थ्रॉटल सोडायचो. आर१५ वर तिथे पूर्ण उघडा ठेवता येतो. हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं, तरी पहिला अख्खा हंगाम माझं मनगट ऐकत नव्हतं. दुसऱ्या हंगामात एका सकाळी, सरावात, ते एकदाचं जमलं. त्या एका लॅपमध्ये मी जेवढं शिकलो तेवढं मागच्या वर्षभरात शिकलो नव्हतो.

दुसरी गोष्ट शर्यतीची. ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे. शर्यत म्हणजे तुमच्या डाव्या कोपराला एक जण, उजव्या गुडघ्याला एक जण आणि पुढच्याच्या मागच्या चाकावर तुमची नजर. १६५ मध्ये गाड्यांत फरक कमी, त्यामुळे शेवटच्या लॅपपर्यंत पाच-सहा जणांचा घोळका राहतो. कुणाच्या मागे हवेच्या आडोशाला बसायचं, कधी बाहेर निघायचं, आतली बाजू कशी झाकायची, हे त्या घोळक्यातच कळतं. मोठ्या गटात नवखा माणूस तिसऱ्या लॅपला एकटा पडतो आणि उरलेली शर्यत म्हणजे त्याच्यासाठी महागडा ट्रॅक-डे होतो.

माझं मत स्पष्ट आहे. आर१५ घ्या. ३९० घरी राहू द्या.

---

सहाफुटी (ठाणे)

तिसरागिअर यांच्या अनुभवाचा आदर आहे, पण मी विरुद्ध बाजूने लिहितो. त्यांचं वजन किती आहे ते त्यांनी लिहिलेलं नाही.

माझी उंची सहा फूट एक इंच, वजन ९२. मी सगळ्यांचं ऐकून १६५ मध्ये उतरलो. सरळ पट्ट्यावर टाकीवर आडवं व्हायचं तर माझी कोपरं गुडघ्यांवर आदळायची. पाठ विंडस्क्रीनच्या वरच राहायची. साठ किलोची पोरं सी-वनच्या आधीच माझ्यापुढे निघून जायची, आणि वळणात मी त्यांना गाठलं तरी पुढच्या पट्ट्यावर पुन्हा तेच. चार शर्यती मी असा लढलो. शिकलो का? शिकलो. पण आनंद हरवला, आणि हौसेने करायच्या गोष्टीतून आनंद गेला तर माणूस ती सोडतो. मी सोडणारच होतो.

पुढच्या वर्षी ३९० वर आलो आणि तेव्हा कुठे मला माझ्या जागेवर बसल्यासारखं वाटलं. तुमच्यासारख्या ८८ किलोच्या माणसाने निदान एकदा आर१५ वर पूर्ण सूट घालून, टाकीवर आडवं होऊन बघावं. मगच ठरवावं.

---

गणिती (नाशिक)

दोघांचंही बरोबर आहे. थोडी आकडेमोड करून बघितली, ती मांडतो.

वळणातला वेग इंजिनावर ठरत नाही. तो वळणाची त्रिज्या आणि तुम्ही किती झुकता यावर ठरतो. ५० मीटर त्रिज्येच्या वळणात ४५ अंश झुकलात तर वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास येतो. गाडी दीडशे सीसीची असो की हजार सीसीची. म्हणजे वळण घ्यायला शिकायचं असेल तर छोट्या गाडीत काहीच उणं नाही.

आता सांडलेल्या वेगाचं. धागाकर्त्याचं वजन, सूट-हेल्मेट आणि गाडी धरून आर१५ वर एकूण २३५ किलो, आरसी ३९० वर २६५ किलो धरलं. ताशी १०० च्या आसपास हवेचा रोध दोन्हींना जवळपास सारखाच. आर१५ च्या अठरा-एक घोड्यांतला निम्मा जोर हवा आणि टायरच खातात. जे उरतं त्यात पाच किलोमीटरचा वेग परत मिळवायला साधारण पावणेदोन सेकंद लागतात. ३९० ला अर्धा सेकंद. तिसरागिअर म्हणतात ते "भरून काढणं" म्हणजे हा सव्वा सेकंदाचा फरक.

वजनाबद्दल: ८८ ऐवजी ७० किलोचा माणूस त्याच आर१५ वर बसला तर एकूण वजन साधारण ८ टक्क्यांनी घटतं आणि त्वरण तेवढंच वाढतं. ३९० वर हीच घट ७ टक्के. टक्केवारीत फारसा फरक नाही, पण छोट्या गाडीवर लॅपचा बराच मोठा भाग थ्रॉटल पूर्ण उघडा असतो, म्हणून तिथे ते बोचतं. सहाफुटी यांची तक्रार खरी आहे. मात्र माझ्या मते त्यांचा मोठा शत्रू वजनापेक्षा उंची होती. हवेत बाहेर राहिलेली पाठ ताशी ११०-१२० ला फार महाग पडते.

म्हणून पाच फूट दहा इंचवाल्याने आधी बसून बघावं, हे पटतं.

---

पाना_दहाबारा (कोल्हापूर)

भावा, दोन्ही गाड्या माझ्या गॅरेजला येतात, चेन्नईला चार पोरांच्या गाड्या मीच तयार करून धाडतो. मी गाडीचं सांगतो, रायडिंगचं बाकीच्यांनी सांगितलंय.

ट्रॅकला जायची गाडी म्हणजे आधी काढायचं काम. आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट, मागचा मडगार्ड, साडी गार्ड, साइड स्टँड, मेन स्टँड सगळं खाली. काचेचं काही राहिलं तर टेप. मग ऑइलचा ड्रेन बोल्ट, फिल्टरच्या झाकणाचे बोल्ट, यांना भोक पाडून लॉक वायर (बोल्ट सुटू नये म्हणून तार) मारायची. का? तुझ्या गाडीचं ऑइल ट्रॅकवर सांडलं तर मागची दहा पोरं पडतात. ह्यात कुणाचीच गय नाही. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं डिस्टिल्ड पाणी घाल, कूलंट सांडलं की रस्ता साबणासारखा होतोय. आर१५ आणि ३९० दोन्ही पाण्यावर थंड होणाऱ्या, दोन्हींना हे लागू.

आता खर्चाचं. गाडी पडणार. कधी पडणार एवढाच प्रश्न. पडली की एका बाजूचा क्लिप-ऑन (हँडल), लिव्हर, फुटपेग, फेअरिंग, कधी रेडिएटर. आर१५ चं सगळं सामान सांगली-मिरजेत कुठल्याही दुकानात मिळतंय, जुनं पण मिळतंय. ३९० चं पण मिळतंय, गाडी चाकणचीच, पण प्रत्येक वस्तू महाग. टायर बघ. आर१५ चा मागचा टायर लवकर संपत नाही, एका सेटवर हंगामाचे दोन-दोन राउंड (फेऱ्या) जातात. ३९० मागचा टायर खाते, चेन-सॉकेट (चेन आणि तिची दातेरी चक्रं) खाते, ब्रेक पॅड खाते.

शेवटचं. स्टॉक गटात (कंपनीची गाडी आहे तशीच) इंजिनात हात घालायचा नाही. नियमात जे लिहिलंय तेवढंच. शर्यत झाली की पहिल्या नंबरांच्या गाड्या उघडून बघतात. कुणी "थोडं पोर्टिंग करून देतो" (इंजिनातले हवेचे मार्ग घासून) म्हणाला तर त्याच्या गॅरेजमधून बाहेर पड.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पाना_दहाबारा दादा, तुमचं लॉक वायरचं वाचून मी रात्री माझ्या गाडीखाली टॉर्च घेऊन बसलो होतो. असे किती बोल्ट आहेत ते पहिल्यांदाच नीट बघितलं.

सहाफुटी यांचंही पटतंय. एका सहकाऱ्याची आर१५ व्ही३ मागितली आहे, रविवारी सूट घालून बसून बघतो.

वन-मेक कपबद्दल कुणी लिहिलं नाही. कुणाला अनुभव?

---

अनघा_ट्रॅकवर (बेंगळुरू, मूळ सातारा)

मी लिहिते. मी आधी टीव्हीएसच्या महिलांच्या वन-मेक गटात अपाचे आरटीआर २०० वर पळले, आता राष्ट्रीय स्पर्धेच्या मुलींच्या १६५ सीसी गटात पळते.

वन-मेकचा मोठा फायदा मानसिक आहे. सगळ्यांना एकसारखी गाडी. हरले तर कारण मी, जिंकले तर कारणही मी. गाडीची देखभाल, वाहतूक, टायर, यातलं काहीच आपल्याला बघायचं नसतं. नोकरी करणाऱ्या माणसाला हे वरदान आहे. नव्या माणसाला शर्यतीची शिस्त, ध्वज, ग्रिड (सुरुवातीला उभं राहायच्या रांगा), सगळं व्यवस्थित शिकवलं जातं.

अडचण ही की निवड चाचणीत मोजके जण घेतले जातात. तिथे येणाऱ्यांत बरेच जण आधीच ट्रॅकवर मुरलेले असतात. तुम्ही पहिल्या वर्षी तिथे जाऊन निवडले गेलात तर उत्तमच. पण अख्खा हंगाम त्या एका दिवसावर टांगून ठेवू नका. चाचणी द्या, आणि सोबत स्वतःची गाडी तयार ठेवा.

दुसरी अडचण मला नंतर कळली. कंपनीची गाडी पडली की दुसरे लोक ती उचलून नीट करून देतात. मी दोन वर्षं पळले तरी मला मागचं चाक काढून बसवता येत नव्हतं. चेन किती सैल हवी, टायरमध्ये थंड असताना किती हवा आणि तापल्यावर किती, हे मला स्वतःची गाडी घेतल्यावरच कळू लागलं. आणि ते कळल्यावर माझं रायडिंगही बदललं, कारण गाडी काय सांगते आहे ते ऐकू यायला लागलं.

कॉन्टिनेंटल जीटी कपबद्दल एवढंच म्हणेन: २०२१ मध्ये कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर तो सुरू झाला, ६४८ सीसीची जोडसिलिंडरची गाडी. ती वजनदार आहे, संथ हातांनी फिरवावी लागते, आणि त्यात वेगळीच मजा आहे. उंच आणि वजनदार रायडरला तिथे अवघडल्यासारखं होत नाही. तुम्ही तो अर्ज नक्की भरा.

आणि एक गोष्ट, छोट्या गटाला कमी समजणाऱ्या मित्रांसाठी. स्पेनची आना कारास्को २०१८ मध्ये सुपरस्पोर्ट ३०० ची जागतिक विजेती झाली, फक्त एका गुणाने. गाडी कावासाकी निंजा ४००. रोड रेसिंगमध्ये पुरुषांसोबत पळून, एकट्या रायडरच्या (साइडकार नसलेल्या) गटात जागतिक अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली स्त्री. हा पराक्रम तिने चारशे सीसीच्या गाडीवर केला. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा साताऱ्याला आईला फोन करून सांगितलं होतं.

---

तिसरागिअर

अनघाताई, अगदी मनातलं लिहिलंत. जोडीला एक: त्या ३०० गटात गाडी आणि रायडर यांचं मिळून किमान वजन धरण्याचा नियम होता. म्हणजे हलक्या रायडरच्या गाडीला वजन जोडावं लागे. आपल्याकडच्या नोव्हिस गटातही तसं झालं तर सहाफुटींसारख्यांवरचा अन्याय कमी होईल असं मला मनापासून वाटतं.

---

अस्थिवैद्य (नाशिक)

मी हाडांचा डॉक्टर आहे आणि मोटारसायकलवर माझं प्रेम आहे. म्हणून दोन गोष्टी लिहिणं माझं कर्तव्य समजतो.

ताशी १०० ने जाणाऱ्या २३५ किलोंपेक्षा ताशी १५० ने जाणाऱ्या २६५ किलोंमध्ये अडीचपट ऊर्जा असते. माती-वाळूत घसरत थांबताना ती सगळी कुठेतरी जिरायची असते. या अर्थाने छोटी गाडी दयाळू आहे, हे खरं.

पण "छोटा गट म्हणजे सुरक्षित गट" असं कुणी समजू नये. छोट्या गाड्या घोळक्याने पळतात. पडण्यापेक्षा, पडल्यावर मागून येणारी गाडी अंगावर येणं जास्त घातक असतं. २०२१ मध्ये स्पेनच्या हेरेझला सुपरस्पोर्ट ३०० च्या शर्यतीत १५ वर्षांचा मुलगा असाच गेला. त्यानंतर जागतिक संघटनेने किमान वय वाढवलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या चेन्नईच्या ट्रॅकवर बेंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा शर्यतीत गेला. त्या आठवड्यात माझं दवाखान्यात लक्ष लागत नव्हतं.

म्हणून: एकसंध लेदर सूट, पाठीचं आणि छातीचं संरक्षक, घोट्याच्या वर जाणारे बूट, मनगट झाकणारे हातमोजे, डबल-डी कडीचं हेल्मेट. एअरबॅगचं जॅकेट परवडत असेल तर गाडी एक वर्ष जुनी घ्या, पण ते घ्या. आणि पडल्यावर घसरणं थांबेपर्यंत उठायचं नाही. कॉलरबोन मोडलेले जे रायडर माझ्याकडे येतात, त्यांतले बरेच जण हात पुढे टेकवून पडलेले असतात. हात छातीशी घ्या आणि घसरू द्या.

गटाबद्दल माझं मत १६५, पण प्रशिक्षण घेऊनच.

---

एडिसनकर (न्यू जर्सी)

परदेशातून थोडं. मी इथे न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कला क्लबच्या शर्यतींत निंजा ४०० वर पळतो. इथे गटांची रचना वेगळी आहे. एकाच गाडीवर तुम्ही एका दिवसात दोन-तीन गटांत उतरू शकता, कारण हलक्या गाडीला वरच्या गटात जायची मुभा असते. त्यामुळे एका शनिवार-रविवारी मला चार-पाच वेळा ग्रिडवर उभं राहायला मिळतं. नवख्यासाठी ग्रिडवर उभं राहण्याची सवय फार मोलाची आहे, पहिल्या काही वेळा माझे हात थरथरत असत.

इथे नव्यांना दोनच गाड्या सुचवतात, निंजा ४०० नाहीतर जुनी सुझुकी एसव्ही ६५०. कारण तिसरागिअर आणि पानावाल्या दादांनी सांगितलं तेच: ज्या गाडीचे सुटे भाग पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या तयार करायच्या जागेत) शेजारच्या गाडीवरून उसने मिळतात, ती गाडी घ्यावी. एकदा सरावात माझा ब्रेक लिव्हर तुटला होता. तिघांनी आपापला लिव्हर पुढे केला. एकट्याकडेच असलेली दुर्मिळ गाडी घेऊन आलेला माणूस त्या दिवशी दुपारीच घरी जातो.

तेव्हा कृष्णाकाठ, चेन्नईला जाऊन पॅडॉकमध्ये चक्कर मारा आणि कुठल्या गाड्या जास्त आहेत ते मोजा. तीच तुमची गाडी.

---

घाटवाट (महाड)

मला शर्यतीतलं कळत नाही, पण वरंधा आणि ताम्हिणीत दर रविवारी ३९० वाले गुडघा टेकवत जातात ते बघतो. समोरून एसटी येते, वळणावर वाळू असते. तुम्ही हे सगळं ट्रॅकवर नेताय याचं फार बरं वाटलं. शुभेच्छा.

---

कृष्णाकाठ

घाटवाट, मीही त्या रविवारवाल्यांपैकी होतो. ट्रॅकवरून आल्यापासून घाटात गाडी पळवलेली नाही.

मंडळी, रविवारी आर१५ वर बसलो. सूट, पाठीचं संरक्षक, हेल्मेट सगळं घालून. कोपरं गुडघ्यांना लागतात, पण फुटरेस्ट थोडे मागे-वर नेणारे सेट आणि सीटवर फोम लावून मागे सरकल्यावर टाकीवर आडवं होता आलं. हनुवटी टाकीला टेकली. सहाफुटी साहेब, तुमच्यापेक्षा माझे तीन इंच कमी आहेत, ते इथे कामी आले.

गणिती, तुमचा पावणेदोन सेकंदांचा आकडा कागदावर लिहून भिंतीला लावला आहे.

खर्चाचं गणित मांडलं. सूट आधीच घेतलेला आहे (तीस हजारांच्या वर गेला, पण तिथे काटकसर करायची नव्हती). पुण्याहून चेन्नई साधारण १२०० किलोमीटर. चार जणांनी मिळून एका टेम्पोत चार गाड्या पाठवायच्या आणि आपण सोलापूरमार्गे रेल्वेने जायचं, असं पुण्यातल्या तिघांशी बोलणं झालं आहे. कंपनीत रजा मोजक्याच आहेत, त्या सगळ्या राउंडला वापरायच्या.

३९० विकणार नाही. कामावर जायला तीच. पण घराबाहेर एक जागा रिकामी केली आहे.

---

सहाफुटी

हनुवटी टाकीला टेकली असेल तर माझा विरोध मागे घेतो. मनापासून शुभेच्छा. चेन्नईला भेटूच, ३०१-४०० च्या पिटमध्ये मला शोधा, पाणी आणि सावली माझ्याकडे असते. तिथल्या उकाड्यात दोन्ही लागतात.

---

अनघा_ट्रॅकवर

छान निर्णय. आता लायसन्सचं बघा. एफएमएससीआयचं (देशातल्या मोटारस्पोर्टची संघटना) स्पर्धेचं लायसन्स, वैद्यकीय तपासणी, आणि त्याआधी मान्यताप्राप्त अकादमीचं पहिल्या पातळीचं प्रशिक्षण. हे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आणि नियमपुस्तक मुळातून वाचा. दर वर्षी बारीक बदल होतात, दुसऱ्याच्या सांगण्यावर गाडी तयार करू नका.

शक्य असेल तर पहिलं प्रशिक्षण कोइम्बतूरला करा. करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा आहे, वळणं जवळजवळ येतात, श्वास घ्यायला सरळ पट्टा कमी. चेन्नईचा ३.७१७ किलोमीटरचा आहे आणि तिथे वेग चढतो. आधी करीवर हात बसले की चेन्नईला डोकं मोकळं राहतं.

---

कृष्णाकाठ (सात आठवड्यांनंतर)

धागा वर आणतो आहे.

व्ही३ मिळाली, मिरजेतून. दुसऱ्या मालकाची, डावी फेअरिंग तडकलेली, इंजिन धडधाकट. आणि अनघाताई, तुमचं ऐकून कोइम्बतूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण करून आलो.

पहिल्या सत्रात मला वाटलं की गाडीत काहीतरी बिघाड आहे. थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि पुढचा मुलगा लांब जातोय. त्याचीही आर१५ च. प्रशिक्षकांनी मला त्याच्या मागे दोन लॅप ठेवलं आणि एकच गोष्ट बघायला सांगितली: त्याचा ब्रेकचा दिवा. (प्रशिक्षणाच्या गाड्यांचे दिवे चालू होते.) मी जिथे ब्रेक धरून ठेवत होतो तिथे त्याचा दिवा कधीच विझलेला असायचा. तो माझ्यापेक्षा लवकर ब्रेक मारत होता, हलका मारत होता आणि लवकर सोडत होता. ३९० वर मी हे कधी बघितलंच नसतं, कारण बाहेर पडताना मी त्याला गाठलं असतं आणि खूश झालो असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझा लॅप पहिल्या दिवसापेक्षा सहा सेकंदांनी खाली आला. त्यात इंजिनाचा वाटा काहीच नव्हता. एकदा पडलोसुद्धा, हळू वळणात, पुढचं चाक सुटलं. डॉक्टरसाहेब, हात छातीशी घेतले होते. लिव्हर आणि फुटपेग गेले. पाना_दहाबारा दादांनी जवळ ठेवायला सांगितलेले जुने भाग बॅगेत होते, पाऊण तासात पुन्हा ट्रॅकवर.

जीटी कपचाही अर्ज भरला आहे. निवड झाली तर बघू, नाही झाली तरी पहिला राउंड आर१५ वर पक्का.

एक प्रश्न उरला आहे. करीवर सहावा गिअर जवळजवळ लागलाच नाही. चेन्नईला सरळ पट्टे मोठे आहेत. मग मागचं चेन-सॉकेट तेच ठेवायचं की बदलायचं?

---

तिसरागिअर

सहा सेकंद! फार आनंद झाला.

सॉकेटचं नियम काय देतो ते आधी बघा. मुभा असेल तर साधा हिशेब: चेन्नईला मुख्य पट्ट्याच्या शेवटी, कुणाच्या तरी मागे हवेच्या आडोशात असताना, सहाव्या गिअरमध्ये इंजिन लिमिटरला (इंजिनाचे फेरे ज्या मर्यादेला रोखले जातात ती) टेकता कामा नये. एकट्याने पळून सॉकेट ठरवलं आणि शर्यतीत घोळक्यात शिरलात, तर वेग जास्त चढतो आणि लिमिटर लागतो. तिथे दोन जागा जातात. म्हणून सराव सत्रात मुद्दाम कुणाच्या तरी मागे बसून बघा.

---

पाना_दहाबारा

भावा, मागचे तीन सॉकेट घेऊन जा, एक आहे तो, एक दात कमी, एक दात जास्त. चेन त्याप्रमाणे लांब ठेवावी लागतेय, म्हणून कापायच्या आधी मला दाखव. आणि पडल्यावर क्लिप-ऑन सरळ दिसला तरी बदल, आतून वाकलेला असतोय.

चेन्नईला जायच्या आधीच्या शनिवारी गाडी कोल्हापूरला आण. ड्रेन बोल्टला भोकं पाडून, लॉक वायर मारून देतो. सकाळी लवकर ये, त्या दिवशी चारही पोरांच्या गाड्या आहेत.